हरवलेला ब्रोच आणि बोलकी मुलगी : ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’मधल्या एका आरोपाचा अभ्यास

बालसाहित्य हा विषय आला की आपण बहुतेक वेळा संस्कार, कल्पनाशक्ती, निसर्ग असे शब्द वापरून मोकळे होतो. या लेखात मी एकाच पुस्तकातली एकच घटना घेणार आहे. घटना साधी आहे. घरातली एक वस्तू हरवते, आणि चोरीचा आळ एका लहान, तोंडाळ म्हणून ठरलेल्या मुलीवर येतो. पुस्तक आहे ल्यूसी मॉड मॉन्टगोमेरी यांची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही १९०८ साली बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी. आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत संक्षिप्त रूपात वाचली असेल. मूळ इंग्रजी पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतं. तेराव्या आणि चौदाव्या प्रकरणात ब्रोचची गोष्ट येते. तेवढी दोन प्रकरणं वाचली तरी हा लेख समजेल, आणि नाही वाचली तरी गोष्ट मी सांगणारच आहे.

गाव आणि लेखिका

मॉन्टगोमेरी यांचा जन्म १८७४ चा, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचा. त्या दोन वर्षांच्या होण्याआधीच त्यांची आई वारली आणि कॅव्हेंडिश नावाच्या गावी आईच्या आईवडिलांनी त्यांना वाढवलं. हे बेट म्हणजे कॅनडाचा सर्वांत छोटा प्रांत. क्षेत्रफळ साधारण ५,६६० चौरस किलोमीटर. आपला गोवा ३,७०२. तिथली माती लोहामुळे लाल आहे. आपल्या डिचोलीच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही! शेती, चर्च, शाळा, आणि कोणाच्या घरी काय चाललंय यावर बारीक नजर ठेवणारे शेजारी. पेडण्यातल्या एखाद्या वाड्यावर राहिलेल्या माणसाला ॲव्हनली हे काल्पनिक गाव परकं वाटणार नाही.

कथेची सुरुवात अशी. मॅथ्यू आणि मरिला कथबर्ट हे अविवाहित, वयस्क भाऊबहीण. शेतात मदतीला हवा म्हणून ते अनाथ मुलगा मागवतात. चुकून येते अकरा वर्षांची ॲन शर्ली. लाल केस, चेहऱ्यावर ठिपके, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. नाही-हो करत ते तिला ठेवून घेतात.

गुन्ह्याच्या आधीच आलेला आरोप

पुस्तक पुन्हा वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ब्रोच हरवतो तेराव्या-चौदाव्या प्रकरणात, पण ॲनवरच्या संशयाची पेरणी पहिल्याच प्रकरणात झालेली आहे, ती गावात यायच्या आधी. शेजारीण रेचल लिंड मरिलाला घाबरवायला दोन-तीन कहाण्या सांगते. कुठल्याशा अनाथ पोराने म्हणे घराला आग लावली. दुसऱ्या एका ठिकाणी एकाने म्हणे विहिरीत विष टाकलं, आणि त्या गोष्टीतली गुन्हेगार मुलगी होती हेही ती आवर्जून सांगते. मरिला म्हणते, आम्ही काही मुलगी आणत नाही आहोत. आणि मग मुलगीच येते.

म्हणजे ॲनने पहिला शब्द उच्चारायच्या आधीच तिच्याबद्दलची गोष्ट गावात तयार आहे. पुढे जे घडतं ते त्या गोष्टीत बसवून घेतलं जातं. आरोप सिद्ध करायला पुरावा लागतो, पण संशय घ्यायला फक्त एक आधीची गोष्ट पुरते.

नवव्या प्रकरणात लिंडबाई ॲनच्या तोंडावरच तिच्या रूपाला नावं ठेवतात. ॲन पाय आपटून त्यांना सुनावते. मरिला तिला माफी मागायला पाठवते. ॲन गुडघ्यांवर बसून अशी काही नाट्यपूर्ण माफी मागते की लिंडबाई विरघळतात. मरिलाला मात्र कळतं की पोरगीला या माफीत मजा येत होती. हा प्रसंग विनोदी आहे, पण तो लक्षात ठेवा. मोठ्यांना सजवलेलं बोलणं आवडतं, हा धडा ॲन इथे शिकते.

ब्रोचची गोष्ट

मरिलाकडे आईकडून आलेला जांभळ्या खड्यांचा एक ब्रोच असतो. त्यात आईच्या केसांची छोटी बट असते. तिची सर्वांत मोलाची वस्तू. रविवारच्या शाळेची सहल बुधवारी ठरलेली आहे, आणि आयुष्यात कधी आइस्क्रीम न खाल्लेली ॲन दिवस मोजते आहे. सोमवारी संध्याकाळी मरिला खाली येते आणि विचारते, ब्रोच पाहिलास का? ॲन खरं ते सांगते. दुपारी तुम्ही घरी नव्हता तेव्हा मी तुमच्या खोलीत गेले, ब्रोच क्षणभर लावून बघितला आणि परत कपाटावर ठेवला.

मरिलाचं तर्कशास्त्र सरळ आहे. ब्रोच होता, ॲनने तो हाताळला, ब्रोच नाही, म्हणून ॲननेच घालवला. तिने खोली शोधली नाही असं नाही, तिने कानाकोपरा धुंडाळला. ॲनने चोरीच्या इराद्याने तो घेतला असंही तिला वाटत नाही, खेळायला घेऊन हरवला असेल असं वाटतं. तिला जास्त लागतं ते खोटं बोलणं. मग निकाल लागतो. कबूल करेपर्यंत खोलीतून बाहेर यायचं नाही. सहलीलाही नाही.

मंगळवार जातो. ॲन तेच सांगते, मी घेतला नाही. बुधवारी सकाळी मात्र ती कबुली देते. आपण लेडी कॉर्डेलिया फिट्झजेराल्ड आहोत असं मानून मी ब्रोच लावून फिरायला गेले, तळ्यावरच्या पुलावर तो बघायला काढला आणि बोटांतून निसटून तो पाण्यात गेला, बुडताना तो कसा चमकत होता, वगैरे. मरिला संतापते आणि सहल रद्द करते. ॲन आकांत करते, कारण सहलीला जाता यावं म्हणूनच तर तिने कबुली दिली होती.

दुपारी मरिला आपली काळी लेसची शाल शिवायला काढते, आणि लेसच्या धाग्यात अडकलेला ब्रोच तिच्या हाती लागतो. सोमवारी बाहेरून आल्यावर तिने स्वतःच शाल क्षणभर त्या कपाटावर ठेवली होती. ब्रोचच्या जवळ शेवटचा हात तिचाच होता.

खरं नाकारलं, खोटं स्वीकारलं

आता या प्रसंगाकडे नीट बघूया. ॲनबद्दलची मरिलाची तक्रार काय? ही मुलगी फार बोलते, कल्पनेत रमते, काहीबाही रचते. पण ब्रोचबद्दल विचारल्यावर ॲनने जे पहिलं उत्तर दिलं ते छोटं होतं, सरळ होतं, आणि स्वतःच्या गैरसोयीचं होतं. खोलीत गेल्याचं ती लपवूही शकली असती. त्या उत्तरावर विश्वास बसला नाही. बुधवारी तिने रात्रभर विचार करून रचलेली, तळं-पूल-चमक असलेली गोष्ट सांगितली, तिच्यावर लगेच विश्वास बसला. ज्या मुलीला ‘रचून सांगते’ म्हणून दोष देतात, तिचं रचलेलंच खरं धरलं गेलं आणि साधं बोलणं खोटं ठरलं.

माझ्या मते कादंबरीचं मर्म इथे आहे. मोठ्यांना ॲनकडून सत्य नको होतं, त्यांनी आधीच ठरवलेल्या गोष्टीचा शेवट हवा होता. तो मिळाला तेव्हा चौकशी संपली.

आपल्या कायद्याला हा धोका फार पूर्वी कळला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम २४ आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम २२ काय सांगतं? अधिकार असलेल्या माणसाने धाक दाखवून किंवा फायद्याचं आमिष दाखवून आरोपीकडून मिळवलेला कबुलीजबाब फौजदारी खटल्यात ग्राह्य धरत नाहीत. मरिलाच्या खोलीत दोन्ही गोष्टी हजर होत्या. कोंडून ठेवणं हा धाक, सहल हे आमिष. कोर्टात जी कबुली टिकली नसती ती घरात टिकली.

आपल्या कॅथलिक घरांतही ‘कबुली’ला मोठं वजन आहे. कुमसाराला जाताना लहानपणी आपल्याला शिकवलेलं असतं की आपलं पाप आपण स्वतःहून, खऱ्या पश्चात्तापाने सांगायचं. कोणी ओढून सांगायला लावलं तर ते कुमसार नव्हेच. शिवाय न केलेलं पाप कबूल करणं हेही खोटंच. कादंबरीत मरिला शेवटी हे दोन्ही मानते. न केलेलं कबूल करणं बरोबर नव्हतं असं ती म्हणते, पण लगेच जोडते की तुला त्या वाटेला मीच लोटलं. आजवर कधी खोटं न बोललेल्या मुलीच्या शब्दावर मी शंका घ्यायला नको होती, असं ती ॲनला तोंडावर सांगते. मोठ्या माणसाने मुलीची माफी मागणं ही १९०८ सालच्या बालसाहित्यात लहान गोष्ट नव्हती. आजच्या घरांतही नाही.

आपल्या मराठी वाचकाला इथे ‘श्यामची आई’ आठवेल. १९३५ सालच्या त्या पुस्तकात ‘मोठा होण्यासाठी चोरी’ ही रात्र आहे. तिथे चोरी खरी, आईपुढची कबुलीही खरी, आणि म्हणून रडून मन हलकं होतं. दोन्ही प्रसंग मुलांपुढे एकत्र ठेवले तर छान तुलना होते. श्यामला आपली चूक मान्य करायला शिकायचं असतं. ॲनच्या बाबतीत शिकायची पाळी मोठ्यांची आहे.

दुसरा आळ

एकदा धडा शिकल्यावर गाव सुधारलं का? सोळाव्या प्रकरणात ॲन आपली मैत्रीण डायना बॅरी हिला चहाला बोलावते. मरिला सांगून गेलेली असते की रास्पबेरीचं सरबत अमुक फळीवर आहे, ते घ्या. ॲनला बाटली सापडते, डायना तीन मोठे ग्लास पिते, आणि झिंगते. सरबत खरं म्हणजे तळघरात होतं. फळीवरची बाटली मरिलाने घरी केलेल्या वाइनची. डायनाची आई ठरवते की हे ॲनने मुद्दाम केलं, आणि मैत्री बंद.

इथेही तोच साचा आहे. वस्तू चुकीच्या जागी ठेवली मोठ्या माणसाने, आरोप आला मुलीवर. ॲन माफी मागायला जाते, तिच्या नेहमीच्या मोठमोठ्या शब्दांत. लिंडबाईंना जी भाषा गोड लागली होती, तीच भाषा बॅरीबाईंना चेष्टा वाटते. मुलगी तीच, बोलणं तेच, पण ऐकणाऱ्याच्या मनाप्रमाणे अर्थ बदलतो.

पुढे डायनाच्या धाकट्या बहिणीला घशाचा गंभीर आजार होतो. घरात मोठं कोणी नसताना ॲन रात्रभर उपचार करून तिला वाचवते, आणि मग बॅरीबाईंचा विश्वास बसतो. आनंदाचा शेवट. पण हिशेब मांडून बघा. एकदा ब्रोच सापडला म्हणून ती निर्दोष, एकदा जीव वाचवला म्हणून निर्दोष. फक्त ती म्हणते म्हणून तिला एकदाही कोणी सोडलं नाही. मॅथ्यूचं मन तिच्या बाजूचं असतं, पण बिचारा बोलत नाही.

आपल्याकडची ॲन : पोसकें

गोव्यात ही गोष्ट परदेशी राहत नाही. आपल्या जुन्या कॅथलिक घरांमध्ये ‘पोसकें’ ही रीत होती. अनाथ किंवा गरीब घरचं मूल पोसायला आणायचं, घराण्याच्या छपराखाली वाढवायचं, आणि कित्येकदा मुलाच्या नव्हे तर कामकऱ्याच्या जागी ठेवायचं. वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१७ साली ‘पोसकें’ याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते कोलवाळला राहत. तिथून चापोरा नदी ओलांडली की आपलं पेडणे सुरू. पोसकें घरातलंही असतं आणि घरातलं नसतंही. अशा घरात सोन्याची साखळी दिसेनाशी झाली तर पहिलं कोणाकडे बघितलं जाई, हे वेगळं सांगायला नको. ग्रीन गेबल्समध्ये आलेली ॲन ही अशीच आहे. कामासाठी मागवलेली, अजून पुरती ‘आपली’ न झालेली. तिच्यावर आळ यायला तिचं बोलकेपण एक कारण आहे, तिचं परकेपण दुसरं. दोन्ही एकत्र आले की बचाव करणारं कोणी उरत नाही.

हे फक्त जुन्या काळातलं नाही. वर्गात कोणाचे पैसे हरवले तर शिक्षकांची नजर पहिली कुठे जाते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शांत, हुशार मुलाकडे ती जात नाही. बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या तिसऱ्या कलमात तत्त्वंच दिली आहेत. अठरा वर्षांखालचं मूल निर्दोष आहे असं गृहीत धरायचं, आणि त्याला गुन्हेगारीचा शिक्का मारणारे शब्द वापरायचे नाहीत. कायदा पोलीस आणि मंडळासाठी आहे, खरं. पण वर्ग आणि स्वयंपाकघर यांनी तो वाचायला काय हरकत आहे?

आळ, मणी आणि चौकशी

पेडण्या-डिचोलीत चवथीला चंद्र बघू नये, बघितला तर चोरीचा आळ येतो, हे हिंदू शेजारच्या घरी आपण ऐकलेलंच असतं. त्यामागची स्यमंतक मण्याची कथाही सगळ्यांना माहीत आहे. श्रीकृष्णावर मणी चोरल्याचा आळ आला आणि तो स्वतः मणी शोधायला निघाला, शोधून आणला, आळ गेला. या कथेत एक सोय आहे. ज्याच्यावर आळ आला त्याला बाहेर पडून शोध घेता आला. ॲनला तर खोलीत कोंडलेलं. निर्दोष असल्याचा पुरावा आण म्हणायचं आणि दाराला कडी लावायची! म्हणून मुलांच्या बाबतीत शोधाची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते.

ती कशी पार पाडावी याची दोन उदाहरणं साहित्यातच आहेत. पहिलं आपल्या कॅथलिक बायबलमधलं, दानीएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातलं. सुसान्नेवर दोन वडीलधारे खोटा आरोप करतात. सगळे विश्वास ठेवतात, कारण बोलणारे प्रतिष्ठित. तरुण दानीएल दोघांना वेगळं करतो आणि एकच प्रश्न विचारतो, कुठल्या झाडाखाली? दोघं वेगवेगळ्या झाडांची नावं सांगतात. त्याने प्रश्न आरोप करणाऱ्यांना विचारला, हे महत्त्वाचं.

दुसरं उदाहरण शार्लट ब्राँटी यांच्या १८४७ सालच्या ‘जेन एअर’मधलं. ब्रॉकलहर्स्ट जेनला स्टुलावर उभं करून सगळ्या शाळेपुढे खोटारडी ठरवतो. मिस टेंपल तिला आपल्या खोलीत बोलावतात, चहा देतात, तिची बाजू ऐकतात, ती पडताळायला मिस्टर लॉइड यांना पत्र लिहितात, उत्तर येईपर्यंत थांबतात, आणि मग सगळ्या शाळेपुढे ती निर्दोष असल्याचं जाहीर करतात. आरोप चारचौघांत झाला होता, म्हणून सुटकाही चारचौघांत. चौकशीच्या या पायऱ्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लावाव्यात अशा आहेत.

‘फटकळ’ कोण?

शेवटी आपल्या भाषेबद्दल थोडं. न घाबरता बोलणाऱ्या मुलाला आपण ‘स्पष्टवक्ता’ म्हणतो, ‘वकील होणार’ म्हणतो. मुलीसाठी फटकळ, तोंडाळ, आगाऊ, ‘जिभेला हाड नाही’ असे शब्द तयार असतात. शब्द नुसते रागाचे नाहीत, ते पुढच्या आरोपाची तयारी करतात. ‘तोंडाळ आहे’ म्हणजे ‘उलट बोलते’, म्हणजे ‘ऐकत नाही’, म्हणजे ‘काहीही करू शकते’. लिंडबाईंच्या विहिरीतल्या विषापर्यंत पोचायला इतक्याच पायऱ्या लागतात.

मॉन्टगोमेरी यांनी ॲनला शेवटी गप्प आणि शहाणी केली, अशी टीका होते, आणि ती अगदीच निराधार नाही. मोठी झाल्यावर ॲन कमी बोलते, आणि मरिलालाच ते जाणवतं. पण ज्या वयात तिच्यावर आळ आला त्या वयात लेखिकेने तिची बडबड तोडली नाही. पानंच्या पानं तिला बोलू दिलं. त्यामुळे वाचणाऱ्या मुलांना मरिलाच्या आधी कळतं की ही खोटं बोलत नाही. मोठी माणसं जे ऐकत नाहीत ते वाचक ऐकतो. बालकादंबरी हे काम करू शकते. ती मुलाला सांगते की तुझं म्हणणं ऐकणारं कोणीतरी आहे, आणि मोठ्याला विचारते की तू ऐकलंस का?

वाचनगटात चर्चेसाठी

१. ॲनच्या पहिल्या उत्तरात आणि बुधवारच्या कबुलीत काय फरक आहे? कुठलं जास्त खरं वाटतं, आणि का?

२. मरिलाच्या जागी तुम्ही असता तर ॲनला कोंडण्याआधी स्वतःला कोणते तीन प्रश्न विचारले असते?

३. तुमच्या बोलीत बोलक्या मुलासाठी आणि बोलक्या मुलीसाठी कोणते शब्द आहेत? दोन याद्या करा आणि शेजारी ठेवून वाचा.

४. ब्रोच कधीच सापडला नसता तर? ॲनचं पुढे काय झालं असतं, ते एका पानात लिहा.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. प्रत्येक हरवलेली वस्तू शालीत अडकून सापडत नाही. तेव्हा मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे वस्तू सापडायच्या आधीच ठरवावं लागतं.